रजा आणि राजीनामा

मराठी भाषेंत 'रजा' हा शब्द आतां इतका घरचा झाला आहे, कीं तो मूळचा परका आहे याची आठवणहि कोणास राहिलेली नाहीं. अरबींतून फारशीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संतोष, संमति, मर्जी. 'राजी', 'नाराज', 'राजीखुशी' आणि 'राजीनामा' हे शब्दहि त्याच एका धातूचीं अपत्यें होत. चाकर धन्याची रजा घेऊन गांवीं जात असे, तेव्हां तो धन्याची मर्जी संपादून जात असे, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. इंग्रजींतील 'लीव्ह' या शब्दाचा मूळ अर्थहि परवानगी हाच आहे. कामावरून कांहीं दिवस दूर राहणें ही देणाऱ्याच्या मर्जीची बाब आहे, घेणाऱ्याच्या हक्काची नव्हे, ही समजूत अशा रीतीनें भाषेच्या पोटांतच दडून बसलेली आहे. पुढें कचेऱ्यांतून 'प्रिव्हिलेज लीव्ह' या इंग्रजी संज्ञेस 'हक्काची रजा' असा प्रतिशब्द रूढ झाला. इंग्रजी शब्दांत सवलतीचा वास होता. मराठी शब्दानें त्या जागीं हक्क आणून बसविला. 'हक्काची मर्जी' हा शब्दशः पाहिला तर वदतोव्याघात होय. परंतु आजारी नोकराचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे हा वदतोव्याघात प्रत्यक्षांत उतरविण्यासाठीं माणसांनीं केवढी खटपट केली आहे, हें ध्यानांत येतें.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वीं एक लहानशी हकीकत सांगणें अवश्य आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस अर्धशिशीचा विकार होता. महिन्यांतून दोनतीन वेळां सकाळीं उठतांच डोक्याची एक बाजू ठणकूं लागे, उजेड सोसेनासा होई, ओकाऱ्या येत, आणि दार लावून अंधाऱ्या खोलींत पडून राहण्यावांचून गत्यंतर नसे. दुसऱ्या दिवशीं ते हसतमुखानें कचेरींत हजर! या हसतमुखानेंच त्यांचा घात केला. काल ज्याला मान उचलवत नव्हती तो आज चालतो, बोलतो, चहा पितो. तेव्हां काल त्यानें अंग चोरलें असलें पाहिजे, असा सहकाऱ्यांचा तर्क. पाय प्लास्टरमध्यें घालून आलेल्या कारकुनास जे लोक धांवत जाऊन खुर्ची देत, तेच यांचा खाडा पडला म्हणजे एकमेकांकडे पाहून हसत. अखेर वरिष्ठांच्या एका बोचक्या शेऱ्यानंतर हे गृहस्थ रजेचा अर्ज लिहावयास बसले, आणि उठले ते राजीनामा लिहून. रजा आणि राजीनामा हे शब्द सख्खे भाऊ आहेत, ही गोष्ट त्या दिवशीं आम्हांस प्रथम पटली.

दुखणें हत्तीच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, असें आपण म्हणतों. परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात, कीं तीं जातच नाहींत. अर्धशिशी, कंबरेची जुनाट कळ, आमवात, मज्जातंतूंचा दाह, अंगभर पसरणारी स्नायूंची वेदना, हीं त्यांचीं उदाहरणें. तापाला पारा साक्ष देतो, मोडलेल्या हाडाला क्षकिरण साक्ष देतात. वेदनेला मात्र भोगणाराच तेवढा एक साक्षीदार असतो, आणि त्याचा त्या खटल्यांत हितसंबंध असल्यामुळें त्याची साक्ष संशयास्पद ठरते. ज्याचें जळतें त्याला कळतें हें खरें. पण रजा मंजूर करणाऱ्यास तें कसें कळावें, हाच प्रश्न आहे.

या प्रश्नानें वैद्यांसहि फार दिवस चकविलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन या रुग्णालयांत सायलस वेअर मिचेल, मोअरहाऊस व कीन या तीन वैद्यांच्या देखरेखीखालीं मज्जातंतूंस इजा झालेले सैनिक ठेवलेले असत. गोळीची जखम भरून आल्यावरहि हातापायांत आग पेटल्यासारखी वेदना महिनेच्या महिने टिकते, हें त्यांनीं बारकाईनें टिपून १८६४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें मिचेलनें या वेदनेस 'कॉझाल्जिया' असें नांव दिलें. वेदनेच्या शास्त्राच्या दृष्टीनें हें काम पायाभूत होय. परंतु लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं त्याच १८६४ सालीं याच तिघांनीं आणखी एक निबंध लिहिला, आणि त्याचा विषय होता आजाराचें सोंग घेणारे सैनिक कसे ओळखावे! ज्यांनीं न दिसणाऱ्या वेदनेस प्रथम मान्यता दिली, त्यांनाच न दिसणाऱ्या वेदनेच्या लबाडीचा शोध घ्यावा लागला. एका हातानें विश्वास व दुसऱ्या हातानें संशय, ही जोडी तेव्हांपासून आजतागायत फुटलेली नाहीं.

इंग्लंडांत याच सुमारास आगगाड्यांच्या अपघातांनीं हा वाद न्यायालयांत नेला. अपघातांतून वरकरणी सुखरूप सुटलेले उतारू कांहीं दिवसांनीं पाठीच्या कळा, थकवा, निद्रानाश यांनीं बेजार होत आणि आगगाडी कंपनीवर भरपाईचा दावा लावीत. १८६६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य एरिक्सन यांनीं असल्या दुखापतींवर पुस्तक लिहून पाठीच्या कण्यास बसलेला धक्का हें त्याचें कारण सांगितलें. १८८३ सालीं हर्बर्ट पेज यांनीं त्याचें खंडन केलें व भीति आणि मनाचा धक्का यांवर भर दिला. पेज हे एका मोठ्या आगगाडी कंपनीचे शस्त्रवैद्य होते, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांचें म्हणणें केवळ धन्याच्या मिठास जागून केलेलें होतें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मन आणि वेदना यांचा संबंध आज कोणी नाकारीत नाहीं. पण वेदना 'मनाची' ठरली कीं ती 'खोटी' ठरते, ही जी लोकांची चुकीची उडी, तिला अशा वादांनीं बळ दिलें.

आतां कायद्याकडे वळूं. आजारी कामगाराची जबाबदारी कायद्यानें प्रथम उचलली ती जर्मनींत. १५ जून १८८३ रोजीं बिस्मार्कच्या अमदानींत आजाराच्या विम्याचा कायदा संमत झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक हिस्सा मालकाचा. आणि आजारी पडल्यास तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवडेपर्यंत अर्धा रोज. बिस्मार्कचा हेतु कामगारांस समाजवाद्यांच्या पंखाखालून ओढून राज्याच्या पंखाखालीं आणण्याचा होता, हें प्रसिद्ध आहे. परंतु हेतु कांहींहि असो, आजारी पडणें हा अपराध नव्हे एवढें तरी एका बलाढ्य राज्यानें कागदावर कबूल केलें. इंग्लंडनें १९११ सालीं तोच मार्ग धरला. कामगाराच्या चार पेन्स, मालकाच्या तीन व सरकारच्या दोन, अशा वर्गणीवर आजारी पुरुषास आठवड्यास दहा शिलिंग आणि स्त्रीस साडेसात शिलिंग, याप्रमाणें २६ आठवडे मदत मिळूं लागली.

मदत मिळूं लागतांच संशयहि संघटित झाला. १९१३ सालीं सर जॉन कॉली यांचा आजाराच्या सोंगावरील भला मोठा ग्रंथ बाहेर पडला. विशेषतः स्त्रियांचे अर्ज अपेक्षेपेक्षां फार येऊं लागले, तेव्हां त्यांची चौकशी करण्यासाठीं सरकारनें समिति नेमली. तिचा अहवाल १९१४ चा आहे. कामगार स्त्रियांच्या पुढारी मेरी मॅकआर्थर या समितीवर होत्या. हे अर्ज लबाडीचे नसून, तुटपुंजी मजुरी आणि कष्टाचें काम यांनीं या स्त्रिया खरोखरच आजारी आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पिढ्यान् पिढ्या जें दुखणें कोणी विचारलेंच नव्हतें, तें विचारल्याबरोबर पुढें आलें. आणि ज्यांनीं विचारलें तेच त्याच्या आकारानें दचकले!

या दोन्ही कायद्यांतील एक मोठें छिद्र मात्र वाचकांनीं ओळखलें असेल. या कायद्यांनीं आजारी माणसास पैसा दिला. त्याची जागा राखून ठेवली नाहीं. तेरा किंवा सव्वीस आठवड्यांनंतर तो कारखान्याच्या दारीं परत आला आणि त्याच्या यंत्रावर दुसरा उभा असला, तर विम्याच्या कायद्यास त्याचें सोयरसुतक नव्हतें. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांना हें चित्र नवें नाहीं. रोज पहांटे गिरणीच्या दरवाजाशीं बदली कामगारांचा घोळका उभा असे. ज्याचा खाडा पडला असेल त्याच्या जागीं जॉबर यांतला एकजण उचली. दुखण्यांतून उठलेल्या माणसास आपलें जुनें काम परत मिळावयाचें तें जॉबरच्या मर्जीनें, आणि ती मर्जी पुष्कळदां दस्तुरी देऊन विकत घ्यावी लागे. १९२९ सालीं नेमलेल्या व १९३१ सालीं अहवाल देणाऱ्या व्हिटले कमिशननें, ज्यावर आपले ना. म. जोशी हे एक सभासद होते, या प्रकारावर बोट ठेवलें. कामगारास ठराविक मुदतीची रजा द्यावी आणि मुदतींत परतल्यास जुनें काम मिळेल असें वचन द्यावें, अशी त्याची सूचना होती.

आजारी नोकरास पैसा नको पण जागा राख, असें उलट्या बाजूनें म्हणणारा कायदा ज्या देशांत झाला तो अमेरिका. आणि त्या कायद्याची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १९७८ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें असा कायदा केला, कीं बाळंतपणामुळें काम करण्यास असमर्थ झालेल्या स्त्रीस चार महिनेपर्यंत रजा द्यावी व तिची जागा तिला परत द्यावी. १९८२ सालीं लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या पेढींतील स्वागत-लेखनिकेचें काम करणारी स्त्री बाळंतपण आटोपून परतली, तों तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसलेली. तिनें तक्रार केली. पेढीनें उलट त्या कायद्यासच आव्हान दिलें. स्त्रियांना जी सवलत आहे ती पुरुषांना नाहीं, तेव्हां हा कायदा समतेच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे, असा तिचा युक्तिवाद. आणि १९८४ सालीं खालच्या केंद्रीय न्यायालयानें तो मान्यहि केला.

या निकालानें स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्यांतच दोन तट पडले. बाळंतिणीस वेगळें संरक्षण मागावें तर उद्यां मालक म्हणतील, असल्या सवलती मागणाऱ्या बायका कामावर घेणेंच नको. न मागावें तर तिची नोकरी जाते. या पेचांतून वाट काढणाऱ्यांत डोना लेनहॉफ या स्त्री-वकिलाचें नांव अग्रभागीं आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं योजिलेली युक्ति अशी, कीं रजा बाळंतिणीपुरती मागूंच नये. जो कोणी, स्त्री अगर पुरुष, गंभीर आजारामुळें काम करूं शकत नाहीं त्या प्रत्येकासाठीं मागावी, आणि मुलाच्या जन्मासाठीं व घरच्या आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठीं आई-बाप दोघांसाठीं मागावी. म्हणजे रजा घेणारा कोण हें पाहून नोकर निवडण्यास मालकास जागाच उरणार नाहीं. अशा रीतीनें संधिवाताच्या किंवा अर्धशिशीच्या रोग्याला जें संरक्षण पुढें मिळालें, त्याचें बीज एका बाळंतिणीच्या गेलेल्या खुर्चींत आहे. (तिचा खटला १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढला आणि कॅलिफोर्नियाचा कायदा योग्य ठरविला, पण तोंपर्यंत मोठी कल्पना जन्मास आली होती.)

१९८५ सालीं पॅट्रिशिया श्रोडर यांनीं या आशयाचें विधेयक काँग्रेसपुढें मांडलें. त्यांत स्वतःच्या आजारासाठीं २६ आठवड्यांची तरतूद होती. पुढील आठ वर्षें हें विधेयक सभागृहांत ये-जा करीत राहिलें, आणि प्रत्येक खेपेस थोडें झिजून परतलें. २६ आठवड्यांचे अखेर बारा झाले. लहान कारखाने व पेढ्या वगळल्या गेल्या. व्यापारी मंडळांचा विरोध कडवा होता. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं जून १९९० मध्यें व पुन्हां सप्टेंबर १९९२ मध्यें विधेयक नामंजूर केलें. नोकरांस रजा मिळावी हें त्यांस मान्य होतें. परंतु ती मालकांनीं आपखुषीनें द्यावी, सरकारनें सक्ति करूं नये, असें त्यांचें म्हणणें. आमच्या शब्दांत सांगावयाचें तर, रजेचा जुना अरबी अर्थच त्यांना राखावयाचा होता. दुसऱ्या खेपेस सेनेटनें दोनतृतीयांश मतांनीं त्यांचा नकार फिरविला, पण प्रतिनिधिगृहांत तेवढीं मतें मिळालीं नाहींत. शेवटीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं अधिकारावर येतांच ५ फेब्रुवारी १९९३ रोजीं त्यावर सही केली, आणि त्याच वर्षाच्या ५ ऑगस्टपासून 'कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा' अमलांत आला.

हा कायदा देतो तें थोडक्यांत असें. बारा महिन्यांत बारा आठवडे रजा. रजेच्या काळांत मालकानें चालविलेला आरोग्याचा विमा चालूच. आणि परतल्यावर तीच जागा, अगर पगार, दर्जा व सोयी यांत तिच्या तोडीची दुसरी. रजा बिनपगारी. या रजेचे दिवस गैरहजेरीच्या हिशेबांत धरून नोकरास शिक्षा करतां येत नाहीं. मात्र मालकाकडे ७५ मैलांच्या टापूंत निदान ५० नोकर असावे, नोकरास बारा महिने झालेले असावे, आणि मागील बारा महिन्यांत त्यानें १,२५० तास काम केलेलें असावें. या चाळणींतून पुष्कळजण गळतात. २०१८ सालच्या सरकारी पाहणींत असें आढळलें, कीं देशांतील नोकरांपैकीं सुमारें ५६ टक्केच या कायद्याच्या छत्राखालीं येतात. लहान दुकानांतले, अर्धवेळ काम करणारे, वारंवार नोकरी बदलावी लागणारे, म्हणजे ज्यांना धक्का सोसण्याची ताकद सर्वांत कमी, तेच बाहेर राहिले.

परंतु जुनाट वेदनेच्या रोग्यास या कायद्याचा खरा आधार त्याच्या नियमांतील दोन बारीक कलमांत आहे. पहिलें कलम जुनाट विकाराच्या व्याख्येचें. दीर्घकाळ चालणारा, ज्यासाठीं वर्षांतून निदान दोनदां वैद्याकडे जावें लागतें, आणि जो सतत नसून अधूनमधून उसळतो, असा विकार 'गंभीर' समजावा. आणि उसळीच्या दिवशीं रोगी वैद्याकडे न जातां घरींच पडून राहिला, तरी ती रजा ग्राह्य धरावी, असें नियम सांगतात. ज्यानें हें लिहिलें त्याला जुनाट दुखणें म्हणजे काय याची जाण होती, असें आम्हांस वाटतें. अर्धशिशीनें अंधाऱ्या खोलींत पडलेला मनुष्य दाखला आणण्यासाठीं भर उन्हांत दवाखान्याच्या रांगेंत कसा उभा राहणार? त्याच नियमांत सर्दी, पोटदुखी, कानदुखी यांसारख्या किरकोळ तक्रारी सामान्यतः गंभीर समजूं नयेत असें म्हणतांना डोकेदुखीचाहि उल्लेख आहे. पण तेथें शब्द असे आहेत, कीं अर्धशिशीखेरीज इतर डोकेदुखी. एवढ्या एका अपवादानें, ज्या वेदनेला जग 'जरासें डोकें दुखतें' म्हणून झटकून टाकतें, तिला राजपत्रांत निराळी जागा मिळाली.

दुसरें कलम तुटक रजेचें. बारा आठवडे सलग घेतलेच पाहिजेत असें नाहीं; वैद्यकीय गरज असल्यास ते दिवसादिवसानें, किंबहुना तासातासानें घेतां येतात. शस्त्रक्रियेच्या रोग्यास सलग रजा हवी असते. जुनाट वेदनेच्या रोग्यास ती निरुपयोगी आहे, कारण त्याचें दुखणें पंचांग पाहून येत नाहीं. त्याला हवें असतें तें एवढेंच, कीं आज उठवत नाहीं तर आज न यावें, आणि उद्यां आल्यावर आपली खुर्ची तेथेंच असावी.

मालकांची सर्वांत मोठी तक्रार या तुटक रजेविषयींच आहे, आणि ती सर्वस्वीं पोकळ नाहीं. कोणता नोकर कोणत्या सकाळीं येणार नाहीं याचा नेम नसेल, तर हजेरीपट कसा लावावा? त्याचें काम ज्या सहकाऱ्याच्या माथीं पडतें, त्यालाहि घरदार आहे. म्हणून कायद्यानें मालकासहि हत्यारें दिलीं आहेत. वैद्याचा दाखला पंधरा दिवसांत मागतां येतो. शंका असल्यास स्वतःच्या खर्चानें दुसऱ्या वैद्याचें मत घेतां येतें. दोघांत मतभेद पडल्यास तिसऱ्याचें मत दोन्ही पक्षांवर बंधनकारक. दाखल्याच्या सरकारी नमुन्यांत वैद्यास असें विचारलेलें असतें, कीं दुखण्याची उसळी किती दिवसांनीं येईल आणि प्रत्येक वेळीं किती तास अगर दिवस टिकेल, याचा अंदाज द्यावा. वेदनेचें भाकित आंकड्यांत मागणें हा एका अर्थीं क्रूर विनोद आहे. तरी 'आम्हांस ठाऊक आहे तुझें दुखणें' या मर्जीच्या भाषेपेक्षां 'महिन्यांतून किती वेळां?' ही आंकड्याची भाषा बरी. कारण आंकड्यास आंकड्यानें उत्तर देतां येतें, डोळा मिचकावण्यास देतां येत नाहीं.

या कायद्याची आणखी एक शोकजनक बाजू आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांचास चार अशा बहुमतानें असा निर्णय दिला, कीं स्वतःच्या आजारासाठीं मागितलेली रजा नाकारली गेल्यास राज्य सरकारच्या नोकरास त्या सरकारवर भरपाईचा दावा करतां येणार नाहीं. मात्र घरच्यांच्या शुश्रूषेच्या रजेबद्दल तसा दावा करतां येतो, असें त्याच न्यायालयानें २००३ सालीं म्हटलें होतें. शुश्रूषेच्या रजेमागें स्त्री-पुरुष भेद मोडण्याचा हेतु दिसतो, स्वतःच्या आजाराच्या रजेमागें तो दिसत नाहीं, असें बहुमताचें कारण. न्यायमूर्ति रूथ गिन्सबर्ग यांनीं विरुद्ध मत देतांना वर सांगितलेला सर्व इतिहास पुन्हां उघडून दाखविला, आणि आजाराची रजा हीच मूळ भेद मोडण्याची युक्ति होती, हें ठासून सांगितलें. आपल्या उगमाची कथा कायदा स्वतः विसरतो, तेव्हां त्याचा तोटा कोणास सोसावा लागतो याचें हें उदाहरण होय.

वैद्यकशास्त्राची चालहि याच काळांत पालटत होती. जॉन बोनिका हा इटलींत जन्मलेला, अमेरिकेंत वाढलेला वैद्य शिक्षणाच्या खर्चासाठीं कुस्त्या खेळे, आणि त्या कुस्त्यांतील दुखापतींनीं त्यास जन्माची वेदना दिली. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांच्या वेदना पाहून त्यानें या विषयास वाहून घेतलें. १९५३ सालीं त्याचा वेदनेच्या उपचारावरील ग्रंथ निघाला, आणि १९७३ सालीं त्याच्याच पुढाकारानें वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. या संस्थेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारतांना एक टीप जोडली. आपणांस वेदना होत आहे असें एखादें माणूस सांगतें, तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असा तिचा आशय. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी किंवा पुन्हां पुन्हां उलटणारी वेदना हा स्वतःच एक विकार आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींतहि आतां नमूद आहे. ही सूची २०१९ सालीं स्वीकारली गेली. १८६४ सालच्या त्या दोन निबंधांपैकीं पहिल्याचें पारडें जड होण्यास दीडशें वर्षें लागलीं.

आपल्या देशापुरतें पाहूं गेलें, तर येथें पैसा व जागा या दोहोंचा विचार एकाच कायद्यांत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असतां १९४३ सालीं प्रा. आडारकर यांजकडे कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें; त्यांचा अहवाल १९४४ चा. त्यावरून १९४८ सालीं राज्य विम्याचा कायदा झाला, व २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर येथें पंडित नेहरूंच्या हस्तें योजनेस प्रारंभ झाला. त्या कायद्याच्या ७३ व्या कलमानें, आजाराची मदत घेत असतां कामगारास बडतर्फ करण्यास वा शिक्षा करण्यास मालकास मनाई केली. बिस्मार्कनें पैसा दिला, क्लिंटननें जागा राखली. या कलमानें दोन्हीं एका दोरींत ओंवलीं, आणि तेंहि अमेरिकेच्या पंचेचाळीस वर्षें आधीं. मात्र तें विमा उतरलेल्या कामगारांपुरतेंच. शेतावरची मजूर बाई आणि घरकाम करणारी मोलकरीण यांचा खाडा तेव्हांहि धनिणीच्या मर्जीवरच राहिला. पुढें १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनेंहि आपल्या करारांत, आजारामुळें तात्पुरतें गैरहजर राहणें हें नोकरींतून काढण्याचें योग्य कारण नव्हे, असें तत्त्व घातलें.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं हक्काची रजा ही आळशांची सोय नव्हे. सोंग घेणारे सर्व काळीं होते, आणि पुढेंहि राहतील. परंतु सोंगाड्यांस पकडण्यासाठीं जें जाळें विणलें जातें त्यांत प्रामाणिक दुखणाईतच अधिक सांपडतात, कारण सोंगाड्या आपलें सोंग वठविण्याची तयारी करून येतो, आणि खरा रोगी हसतमुखानें येतो. कायदा विश्वास निर्माण करूं शकत नाहीं. पण विश्वास नसतांहि माणसाची भाकर शाबूत ठेवूं शकतो, आणि हेंच त्याचें काम.

राहतां राहिली आमच्या त्या परिचित गृहस्थांची गोष्ट. असला नमुना त्यांच्या वैद्यापुढें कोणी ठेवला असता, तर उत्तर सोपें होतें. किती वेळां? महिन्यांतून दोनदां अगर तीनदां. किती वेळ? एकेक दिवस. वर्षाकाठीं तीस-पस्तीस दिवसांचा हा हिशेब. तेवढ्यासाठीं एका कचेरीनें वीस वर्षांचा अनुभवी माणूस गमावला, आणि एका कुटुंबानें मिळवता हात. नोकरी सुटल्यावर त्यांची अर्धशिशी थांबली नाहीं, हें सांगावयास नको. फरक एवढाच पडला, कीं आतां ती कोणत्या दिवशीं आली हें विचारणारा कोणी उरला नाहीं.